हातमोजा नदीच्या वरच्या अंगाला

"सापडली! अगं ऋजू, नदी सापडली!"

दादा पुढून इतक्या जोरात ओरडला ना, की झाडातनं काहीतरी फडफडत उडालं. मी मागे. एक आडवं पडलेलं झाड ओलांडताना एक पाय इकडे, एक पाय तिकडे, घोड्यावर बसल्यासारखी अडकलेली, आणि माझ्या खांद्यावर गार्गी वहिनीचा सगळा भार.

"वाहतं पाणी आहे का परत चिखलच आहे बाप्पा?" वहिनी ओरडली. वहिनी अमरावतीची, तिचं 'बाप्पा' कॅनडात जाऊनसुद्धा सुटलं नव्हतं.

"वाहतंय, वाहतंय! आता काळजी नाही. नदी मिळाली म्हणजे गाव मिळालं!"

बसा ना जरा, सांगते. नाहीतरी दादा आणि मागचे येईपर्यंत आपल्याला थांबायचंच आहे, आणि हा नाणेघाट काही पळून जात नाही. पाणी दे रे इकडे.

तर तुम्ही आज ज्या सुमेध दादाला भेटलात तो वेगळा. तेव्हाचा दादा म्हणजे... मी शाळेत असताना त्याने जुन्नरला ग्रुप काढला होता ना ट्रेकचा, त्यात नियम एकच. लीडर पुढे, शेपूट मागे, आणि मधल्यांनी तोंड बंद ठेवून चालायचं. लीडर मधूनमधून ओरडणार "शेपूऽट!", आणि जो सगळ्यात शेवटी असेल त्याने ओरडायचं "आऽऽहे!" म्हणजे सगळे आले, कोणी राहिलं नाही. लीडर कायम दादा. शेपूट कायम मी. मोठी शेपटं दमून बसायची, मी बसायचे नाही, एवढीच माझी लायकी. जीवधनला शेपूट, हडसरला शेपूट, चावंडला तर ताप असताना शेपूट! चुलत भाऊ असला तरी ग्रुपमध्ये दादा म्हणजे लीडर. लीडर म्हणाला डावीकडे, की डावीकडे. एकदाही चुकला नाही, हे पण खरं आहे हां.

पुढे तो नोकरीला कॅनडाला गेला, वर उत्तरेला, खाणीचं गाव होतं एक. लग्न झालं, वहिनी गेली. मग मी शिकायला गेले त्याच प्रांतात. उन्हाळ्याची सुट्टी संपत आलेली, मी त्यांच्याकडे राहायला आलेली, आणि दादाच्या डोक्यात आलं, ब्लूबेरी वेचायला जाऊ. तिथे जंगलात फुकट असतात, आपल्या करवंदांसारख्या, जाळ्याच्या जाळ्या.

सकाळी निघालो. हायवे सरळसोट, सूर्य पाठीमागे, दोन्हीकडे फक्त झाडं. मध्येच एक निळा बोर्ड लागला. वहिनी म्हणाली, थांबव, वाचू दे. बोर्डावर लिहिलेलं, इथून पुढचं सगळं पाणी उत्तरेला वाहतं, पार आर्क्टिक समुद्राला जातं. आणि त्याच्या अलीकडचं सगळं दक्षिणेला.

दादा इतका खूश झाला! "अगं, हा तर यांचा नाणेघाट! इकडचा थेंब कोकणात, तिकडचा थेंब देशावर. आपण घाटमाथ्यावर उभे आहोत, ऋजू!"

वहिनीने रस्त्याकडे बघितलं. पोळपाटासारखा सपाट. "याला घाटमाथा म्हणता? आमच्या अमरावतीचा स्पीडब्रेकर याच्यापेक्षा उंच आहे."

कॅमेऱ्यात फोटो काढला आणि निघालो. पुढे थोड्या वेळाने एक छोटा पूल आला, खाली छोटी नदी, आणि पाटीवर नाव काय, तर 'लॉस्ट मिटन रिव्हर'. हातमोजा हरवलेली नदी! दादाने तिथल्या तिथे बारसं करून टाकलं, हातमोजा नदी. पुलावरनं खाली बघितलं तर पाणी जागच्या जागी. काळं, चहासारखं, वर कमळाची पानं. कुठून कुठे वाहतंय काही कळेना. गाडी पुलाशेजारी लावली आणि उजव्या बाजूने आत शिरलो.

फोन गाडीतच. रेंजच नव्हती तर कशाला, वहिनी म्हणाली, निळ्या हातांनी खराब होतील. दादाचा तेवढा खिशात होता.

आता मला सांगा, करवंदं वेचताना वर कोण बघतं? एक जाळी संपते तर पुढची जास्त भरलेली दिसते. आणि आपल्याकडे काय, कितीही भटकलात तरी मान वर केली की नानाचा अंगठा दिसतो, शिवनेरी दिसतो, डोंगराच्या नाकावरनं कळतं आपण कुठे आहोत. आम्ही सगळे तसेच वाढलेलो. वाट लक्षात ठेवायची सवयच नाही, डोंगर बघायची सवय. तिथे बादली भरली, मान वर केली, आणि चारी बाजूंना तेच. ख्रिसमसच्या झाडासारखी काळपट उभी झाडं, एकाच उंचीची, एकाच तोंडवळ्याची. वर ढग भरून आलेले, सूर्य कुठेय पत्ता नाही.

दादा म्हणाला, "या बाजूने." गेलो. ती बाजू नव्हती. मग दुसरी बाजू. तिथे हिरवंगार शेवाळ, गादीसारखं, आणि त्यावर दादाने पाय ठेवला तर तो कमरेपर्यंत आत! ओढून काढला आम्ही दोघींनी. तो निघाला, फोन मात्र गेला. चालूच होईना. आणि मग वहिनीचा पाय तसल्याच शेवाळाखालच्या भोकात गेला आणि घोटा कटकन वाजला. मी ऐकला आवाज. बघता बघता घोटा पेरूएवढा.

उजेड होता अजून, पण दुपार उतरलेली. आणि तिथे ऑगस्टअखेर म्हणजे रात्री दात वाजतात. आमच्या अंगावर टी-शर्ट, खायला बादलीभर बेरी, आणि काडेपेटी गाडीत.

अशा वेळी ती नदी सापडली. म्हणून दादा ओरडला.

मी आणि वहिनी पोचलो तोपर्यंत तो गुडघाभर पाण्यात उभा राहून तोंड धुत होता. नदी म्हणजे किती, दोन उड्यांत पार. पण वाहत होती, दगडांवरनं खळखळ.

"चला," दादा म्हणाला. "पाण्याबरोबर खाली. अर्ध्यापाऊण तासात पूल लागणार."

तो चालायला लागलासुद्धा. वहिनीने माझ्या खांद्यावर हात टाकला. आणि मी नाही हलले. मला कळेना मी का हलत नाहीये. ते पाणी बघत होते आणि डोळ्यासमोर तो निळा बोर्ड येत होता.

"दादा, थांब."

"काय झालं?"

"आपण वर जाऊया."

"वर कुठे?"

"पाणी येतंय तिकडे. उलटं."

दादा हसला. चिडला नाही हां, हसला. "ऋजू, इतकी वर्षं काय शिकवलं तुला? हरवलात तर पाण्याची धार धरा आणि खाली उतरा. खाली वस्ती असते. वर काय असतं?"

"आपल्याकडे."

"आपल्याकडे काय?"

"आपल्याकडे खाली वस्ती असते. इथे नाही."

"नदी ती नदी. इथली काय उलटी वाहते?"

वहिनी मध्येच एका ओंडक्यावर बसली. "हे बघा," ती म्हणाली, "माझ्याकडे आता एकच पाय आहे, आणि तोही एकाच फेरीला पुरणार. चुकून गेलो आणि परत आलो, हे माझ्याकडनं होणार नाही. तेव्हा दोघांनी मला नीट समजवा. ज्याचं पटेल त्याच्याबरोबर मी. नवरा-नणंद मी बघणार नाही."

"अगं पण—"

"तू बोललास, सुमेध. आता तिला बोलू दे."

लीडरला कोणी समजावतं का? पण तोंड उघडलं आणि मग थांबलेच नाही. म्हटलं, "सकाळी सूर्य पाठीमागे होता, म्हणजे आपण पश्चिमेला चाललो होतो. बरोबर? मग रस्त्याची उजवी बाजू उत्तर. आपण उजवीकडे शिरलो. त्यानंतर रस्ता ओलांडला का? नाही. म्हणजे आपण रस्त्याच्या उत्तरेला आहोत. कितीही गोल फिरलो असलो तरी."

"बरं."

"आणि तो बोर्ड. तिथून पुढचं सगळं पाणी कुठे जातं?"

वहिनी म्हणाली, "उत्तरेला."

"मग ही नदी रस्त्याकडे कशी जाईल? ती रस्त्यापासनं लांब चालली आहे! रस्ता वर आहे दादा, जिथनं पाणी येतंय तिथे."

दादा पाण्याकडे बघत होता. "बोर्ड बघून नद्या कळत नाहीत गं. मध्ये वळण असेल, वळसा असेल..."

"तूच म्हणालास."

"मी काय म्हणालो?"

"तूच म्हणालास ना, हा यांचा नाणेघाट. मग घाटमाथ्यावर रस्ता आहे आणि आपण माथ्यावरनं घसरून खाली आलोय. नाणेघाटात हरवलास आणि गाडी माथ्यावर राहिली, तर तू कोकणात उतरशील का?"

दादाने मानेवरचा मच्छर मारला.

"आणि समज माझं चुकलं," मी म्हणाले, "तरी वर गेल्यावर कधीतरी माथा येणारच, आणि माथ्यावर रस्ता आहे. पण खाली गेलो आणि तुझं चुकलं, तर पुढे कोणी नाही. थेट समुद्र. तोही बर्फाचा."

वहिनीने एक बेरी तोंडात टाकली. "मी हिच्याबरोबर," ती म्हणाली.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग वहिनीच्या घोट्याकडे. मग आला, वहिनीसमोर पाठ करून वाकला. "बस पाठीवर."

"कुठे जायचं?"

"वर. आणि ऋजू, माझे हात अडकलेत. तू पुढे हो."

बास. एवढंच. मी पुढे झाले.

आता मला वाटलेलं, नदीच्या वर जायचं म्हणजे चढ असेल, धबधबे असतील. काही नाही! सपाट. आणि काठाला अल्डर म्हणून एक झुडूप, घाणेरीसारखं एकात एक गुंतलेलं, फक्त डोक्याच्या वर उंच. मी फांद्या वाकवायच्या, पायाखाली धरायच्या, मागनं दादा वहिनीला घेऊन यायचा. झाडी संपेना म्हणून मी पाण्यातनंच चालायला लागले. पाणी इतकं गार की पाय आपले आहेत का शेजाऱ्याचे कळेना.

वहिनी पाठीवरनं गप्प बसायला तयार नाही. "सुमेध, लग्नात तू मला उचलायचं नाही म्हणालास, पाठ धरेल म्हणून."

"धरलीये आता."

"आई फोटो मागत होत्या तेव्हा. आता कोण काढणार?"

आणि मग फाटा आला. दोन धारा एकत्र येत होत्या. उजवीकडची धार जोरात, स्वच्छ, काठ मोकळा. डावीकडची म्हणजे नुसतं पाझरल्यासारखं, आणि काठाला सगळं गच्च.

दादा थांबला, धापा टाकत. "उजवी. पाणी जास्त आहे, मोकळी आहे."

मलाही तेच वाटलं. पण डावीकडे एक झाड दिसलं, बुंधा पेन्सिलला टोक काढल्यासारखा कुरतडलेला. त्याच्या मागे अजून एक. मी थोडी आत गेले तर समोर भिंत! फांद्या, चिखल, दगड, सगळं रचून घातलेला बांध. बीव्हरचा, म्हणजे झाडं कुरतडून बांध घालणारा तिथला उंदरासारखा प्राणी. माझ्या छातीएवढा. आणि टाचा उंचावून पलीकडे बघितलं तर, अरे, अख्खं तळं! काळं, शांत, मध्ये वाळलेली झाडं उभी, कमळाची पानं.

"दादा, डावी! पाणी कमी नाहीये, अडवलंय! खरी नदी ही आहे!"

"कशावरून?"

"पुलाखाली कसं होतं पाणी? असंच काळं, असंच थांबलेलं, हीच पानं. उजवी कुठल्यातरी डबक्यातनं येत असेल, ती वाटेतच संपेल. एवढं पाणी लांबनंच येणार, रस्ता ओलांडून."

"आणि जायचं कुठनं?"

"बांधावरनं."

वहिनी म्हणाली, "उंदराने बांधलेल्या पुलावरनं?"

"उंदीर नाही वहिनी, इंजिनीअर आहे तो."

"मग ठीक. मी इंजिनीअरशीच लग्न केलंय, तेही हलतंय."

बांधावर बसून, घसरत, हाताने चाचपत गेलो. दादाने बादली दातात धरायचा प्रयत्न केला, शेवटी तिथेच ठेवून दिली. मध्यावर असताना तळ्यात फाट्‌कन आवाज झाला, बंदुकीसारखा. तिघंही जागच्या जागी गोठलो. बीव्हर शेपूट आपटून बुडी मारतो म्हणे, धमकी देतो. वहिनी खालच्या आवाजात म्हणाली, "ऋजू, बघ, इथेपण शेपूट आहे."

हसताही येईना.

तळ्याच्या कडेने गेलो. आणि मग ते झालं ज्याची मला सगळ्यात जास्त भीती होती. नदी दिसेनाशी झाली. तळं अरुंद होत होत नुसतं गवत राहिलं, पायाखाली हलणारं, दाबलं की पाणी वर येणारं. धार नाही, आवाज नाही. समोर परत अल्डरची भिंत.

दादाने वहिनीला एका उंचवट्यावर ठेवलं. आणि स्वतःही शेजारी बसला. ट्रेकमध्ये दादाला असा बसलेला मी पहिल्यांदा बघत होते. 

"ऋजू," तो म्हणाला, "ही नदी संपली."

"नाही."

"अगं बघ ना. उगम आहे हा. आपली कुकडी कशी, कुकडेश्वराच्या देवळापाशी उगम, संपला विषय. इथे देऊळ नाही एवढंच. रस्ता कुठेय? अजून उजेड आहे, परत फिरू, खाली..."

"इथे उगम असा नसतोच रे! सगळीकडनं झिरपतं. नदी लपलीये, संपली नाहीये."

"तुला कसं माहीत?"

मला माहीत नव्हतं. पण मी म्हणाले, "माहीत आहे." आणि वहिनीकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडलेले, पण तिने मान हलवली, जा म्हणून.

"तुम्ही थांबा. मी त्या झुडपांमध्ये जाऊन बघते. पाणी लागलं की हाक मारते."

"एकटी नको जाऊस."

"तू तिला घेऊन ये. मागनं."

आणि शिरले. आत गेल्या गेल्या अंधारल्यासारखं झालं. फांद्या तोंडावर, केसांत, कानात मच्छर. गुडघ्यावर रांगत होते काही ठिकाणी. हाताला गवत, चिखल, गवत, चिखल... आणि मग हाताला गार लागलं. पाणी. बोटांमधनं सरकत होतं, माझ्या दिशेने येत होतं, बारीक, पण वाहत होतं. सांगते तुम्हाला, मी ते पाणी प्यायले. चिखलाचं! मागे वळून बघितलं तर काहीच दिसेना. दादा नाही, वहिनी नाही. माझी वाटसुद्धा मिटलेली.

एकदम मनात आलं, तो फिरला असेल तर? वहिनीला घेऊन खाली गेला असेल तर? लीडरने ठरवलं की ठरवलं. मी इथे वर, ते तिथे खाली, आणि मध्ये हे रान.

मला हाक मारायची होती 'दादा'. खरंच. पण इतकी वर्षं रानात एकच हाक ऐकलेली ना, तोंडातनं तीच बाहेर पडली. सगळा जीव एकवटून ओरडले,

"शेपूऽऽट!"

काही नाही. मच्छर. पाण्याचा बारीक आवाज.

मी परत श्वास घेतला ओरडायला, आणि मागनं, लांबनं, झुडपांच्या पार आतनं, दादाचा तो खडा आवाज आला.

"आऽऽहे!"

आणि त्याच्या मागोमाग वहिनी, "दोघं आहोत बाप्पाऽ!"

मी खाली बसले. हसत होते का रडत होते कोण जाणे. तेवढ्यात समोरनं आवाज आला, घुंऽऽ करत, मोठा, जमीन हलवणारा. ट्रक. लाकडं वाहणारा ट्रक, बघा, माझ्या नाकासमोरनं, झाडीच्या पलीकडून गेला!

ते पाणी एका लोखंडी पाईपमधनं येत होतं, रस्त्याखालनं. पूल दिसतच होता, थोड्या अंतरावर, आणि पुलाशेजारी आमची पांढरी गाडी. म्हणजे दलदलीत नदी फुटली होती, एक पाय पुलाखालनं, एक पाईपमधनं. दादा झुडपांतनं बाहेर आला, वहिनी पाठीवर, दोघांच्या तोंडावर इतके ओरखडे की जशी मांजरं सोडलीत अंगावर. रस्त्यावर आला, वहिनीला खाली ठेवलं, आणि डांबरावरच बसला. हाताने डांबर चाचपून बघितलं.

मग म्हणाला, "बादली राहिली."

"राहू दे," वहिनी म्हणाली. "बीव्हरला फी."

हॉस्पिटलात प्लॅस्टर घातलं वहिनीला. घरी पोचल्यावर दादाने कॅमेऱ्यातला सकाळचा फोटो उघडला, त्या बोर्डाचा, आणि बराच वेळ बघत बसला. बास.

दोन वर्षांनी ते दोघं परत आले जुन्नरला. मीही आले होते. दादाने ग्रुप पुन्हा उभा केला, पहिलाच ट्रेक, हाच घाट. सगळी पोरं त्याच्याभोवती उभी, लीडर म्हणून. तो बुटाची नाडी बांधत राहिला, हळूहळू, सगळे पुढे जाईपर्यंत. मग मला म्हणाला, "हो की पुढे. कोणाची वाट बघतेस?"

तर हे असं. आता उठा, ऊन चढतंय. नानाचा अंगठा दिसतोय बघा समोर, इथे हरवायची सोय नाही. थांबा हां, एक मिनिट, आधी विचारू दे.

शेपूऽऽट!

...ऐकलंत?

चला.